पंचेचाळीसचा ट्रॅक्टर आणि नव्वदची कार

केदारखेडा हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचे गाव. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, त्यात कापूस, मका, सोयाबीन. उन्हाळ्यात या जमिनीची ढेकळे दगडासारखी होतात आणि मृगाच्या आधी नांगरट उरकायची असते. ती उरकतो तो ट्रॅक्टर बहुतेक वेळा चाळीस ते पन्नास हॉर्सपॉवरचा असतो. महिंद्राचा ५७५ डीआय घेतला तर त्याचे इंजिन २७३० सीसीचे आणि ४५ हॉर्सपॉवरचे. त्याच शिवाराच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरून एखादी स्विफ्ट जात असेल, तर तिचे इंजिन ११९७ सीसीचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या निम्म्याहूनही लहान; पण २०२१ साली आलेल्या स्विफ्टची कागदावरची ताकद मात्र सुमारे ९० हॉर्सपॉवर. ट्रॅक्टरच्या बरोबर दुप्पट. तरी त्या कारला नांगर जोडून काळ्या रानात उतरवायचे कुणाच्या मनातही येणार नाही. ती चार पावलेही जाणार नाही, हे गावातले शाळकरी पोरही सांगेल. पण का जाणार नाही, याचे उत्तर बहुतेकांना नीट देता येत नाही. ‘कार नाजूक असते’, ‘ट्रॅक्टर डिझेलवर चालतो’, ‘ट्रॅक्टर जड असतो’ अशी उत्तरे येतात. ती पूर्ण चुकीची नाहीत, पण मुख्य गोष्ट त्यांत निसटते. माझे म्हणणे असे आहे, की इंजिनाच्या ताकदीचा जो एक आकडा आपण शोरूममध्ये, पारावर आणि कर्जाच्या कागदावर मोठा मानतो, तो आकडा एकटा घेतला तर यंत्र काय ओढू शकेल याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. ओढ ठरते ती इंजिन आणि जमीन यांच्या मधल्या लोखंडात, म्हणजे क्लच, गिअर, डिफरन्शियल आणि टायर यांच्यात.

सुरुवात मात्र आगीपासूनच करावी लागते. इंजिनाच्या आत एक नळकांडे, त्यात वरखाली सरकणारा पिस्टन. डिझेल इंजिनात पिस्टन आधी खाली जाऊन हवा ओढून घेतो, मग वर येऊन ती हवा मूळच्या सतराव्या-अठराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबतो. एवढी दाबलेली हवा इतकी तापते, की नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत आला की ठिणगीशिवायच पेटतो. पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि पुढच्या धावेत पिस्टन वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. चार धावांत एकदा आग. पेट्रोल इंजिनाचा क्रम हाच. फक्त तिथे पेट्रोल आणि हवा एकत्र दाबतात आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवतात. निकोलाउस ओट्टो याने १८७६ मध्ये हे चार धावांचे इंजिन चालवून दाखवले आणि रुडॉल्फ डिझेल याचे ठिणगीविना पेटणारे इंजिन १८९७ मध्ये नीट चालले. आजचा मेकॅनिक जे इंजिन खोलतो त्यात पंप, सेन्सर आणि वायरी वाढल्या असल्या, तरी आगीची ही चौकट बदललेली नाही. पिस्टनचे वरखाली होणे कनेक्टिंग रॉड खाली क्रँकशाफ्टकडे नेतो आणि तिथे त्याचे फिरणे होते. इंजिन जे काही बाहेर देते ते एवढेच: एक फिरणारा दांडा.

या आगीचे मोजमाप डोळ्यांपुढे आणले तर थक्क व्हायला होते. ५७५ चे इंजिन पूर्ण ताकद देते ते मिनिटाला १९०० फेऱ्यांवर. चार सिलिंडर आणि प्रत्येकात दोन फेऱ्यांमागे एक आग, म्हणजे मिनिटाला ३८०० वेळा, सेकंदाला त्रेसष्ट वेळा डिझेल पेटते. पूर्ण भार असेल तर असे इंजिन तासाला साधारण दहा लिटर डिझेल पिते. रोजच्या शेतकामात भार कमी असतो म्हणून खर्च चार-सहा लिटरवर येतो. दहा लिटरला तासाभरातल्या आगींनी भागले, तर एका आगीच्या वाट्याला डिझेलचा जेमतेम एक थेंब येतो. तो थेंब नऊ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर क्षणभर चार-पाच टनांचा भार टाकतो. पण हा भार टिकत नाही. पिस्टन खाली सरकला की वायू पसरतो आणि दाब उतरतो. शिवाय चारपैकी तीन धावांत पिस्टन काही देत नाही, उलट घेतोच. म्हणून क्रँकच्या टोकाला जड फ्लायव्हील बसवलेले असते. आग लागते तेव्हा ते वेग साठवते आणि आग नसते तेव्हा पिस्टनला पुढे नेते.

थेंबातली सगळी ऊर्जा दांड्यापर्यंत पोचत नाही, हेही इथेच सांगायला हवे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तासाला दहा लिटर जाळणारे इंजिन म्हणजे शंभर युनिट आत घेणारे यंत्र, आणि ४५ हॉर्सपॉवर म्हणजे तासाला तेहेतीस युनिट. उरलेली दोन तृतीयांश ऊर्जा धुराड्यातून, रेडिएटरमधून आणि आतल्या घर्षणात उष्णता होऊन निघून जाते. पेट्रोल इंजिनाचा हिशोब सहसा याहून उणाच निघतो. ही इंजिन बनवणाऱ्यांची कामचुकारी नव्हे. उष्णतेतून काम काढणाऱ्या कोणत्याही यंत्राला उष्णतेचा मोठा वाटा टाकून द्यावाच लागतो, हा निसर्गाचा नियम आहे आणि आजचे इंजिन त्या मर्यादेच्या आत पुष्कळ चांगले काम करते. ट्रॅक्टरच्या नाकात एवढा मोठा रेडिएटर आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा का असतो, याचे कारणही हेच. कारला धावताना वारा मिळतो. ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या ट्रॅक्टरला स्वतःचा वारा स्वतःच करावा लागतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. आगीवर चालणाऱ्या इंजिनात एक मोठा दोष आहे: त्याला शून्यातून उठता येत नाही. बैल उभ्या जागेवरून खांदा लावून ओढ काढू शकतो. इंजिन थांबलेले असेल तर त्याची ओढ शून्य असते. आग लागायला हवा दाबली जावी लागते, हवा दाबायला पिस्टन फिरता असावा लागतो, म्हणून आधी स्टार्टरने किंवा हँडलने ते फिरवावे लागते. फिरू लागल्यावरही ठरावीक फेऱ्यांच्या खाली त्याचा जीव जातो. मराठवाड्यात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, हे इंजिन बहुतेकांनी आधी पाहिले ते विहिरीवर. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केले आणि त्यांचे पाच हॉर्सपॉवरचे, मिनिटाला पंधराशे फेऱ्यांचे इंजिन कित्येक विहिरींवर बसले. त्या इंजिनाला गिअरबॉक्स नव्हता. पट्टा लावला, पंप फिरला, पाणी पाटात आले. गिअरबॉक्सची गरज पडली नाही, कारण पंपाला एकाच वेगाने फिरायचे असते आणि सुरू होताना त्याचा भार थोडा असतो. चाकाचे तसे नाही. चाकाला उभ्या जागेवरून निघायचे असते, निघतानाच सर्वांत जास्त जोर लागतो, आणि नेमका त्याच क्षणी इंजिन जोर द्यायला सर्वांत असमर्थ असते. पंपाला उत्तम असलेले इंजिन चाकाला थेट जोडले तर पहिल्या क्षणी बंद पडेल. क्लच आणि गिअरबॉक्स जन्माला आले ते हा दोष भरून काढायला. क्लचप्लेट फिरत्या फ्लायव्हीलला हळूहळू चिकटते आणि थांबलेल्या चाकाला फिरत्या इंजिनाच्या वेगापर्यंत आणते. ती दोन-तीन सेकंदांची घसट तिने सोसायची असते.

हॉर्सपॉवर म्हणजे नेमके काय, हे इथे पाहून घेऊ. वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्यांशी करता यावी म्हणून जेम्स वॉटने हे माप ठरवले. आपण वापरतो त्या मेट्रिक मापात पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतके काम म्हणजे एक हॉर्सपॉवर. या व्याख्येत दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: ओढ आणि वेग. दीडशे किलो अर्ध्या मीटरने उचलले तरी एक हॉर्सपॉवरच, आणि साडेसात किलो दहा मीटरने उचलले तरी एकच. मध्यम बैलजोडी दिवसभर सलग जे काम देते ते साधारण एक हॉर्सपॉवरच्या आसपास भरते, पुष्कळदा थोडे कमीच. म्हणजे नव्वद हॉर्सपॉवर हा आकडा सांगतो ओढ आणि वेग यांचा गुणाकार. त्यातली ओढ किती आणि वेग किती, हे तो सांगत नाही.

गुणाकार तोच ठेवून वेग कमी करायचा आणि ओढ वाढवायची, हे काम गिअर करतो. पहारीने धोंडा हलवताना हाताकडचे टोक हातभर खाली जाते तेव्हा धोंड्याकडचे टोक चार बोटे वर येते, पण त्या चार बोटांत माणसाच्या आवाक्याबाहेरचा भार उचलला जातो. लहान चाकाने मोठे चाक फिरवले की हीच देवघेव सतत होत राहते. आता ट्रॅक्टरचा हिशोब मांडू. ४५ हॉर्सपॉवर आणि १९०० फेऱ्या यांवरून इंजिनाच्या दांड्याचा पीळ निघतो सुमारे सतरा किलो-मीटर, म्हणजे एक मीटर लांबीच्या दांडक्याच्या टोकाला सतरा किलो टांगल्याइतका. हे ऐकून कुणालाही वाटेल, की एवढासाच? हो, एवढासाच. पण नांगरताना ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटरने चालतो आणि त्याचे मागचे मोठे चाक तेव्हा मिनिटाला जेमतेम सोळा फेऱ्या घेते. १९०० चे सोळा करायचे म्हणजे वेग सुमारे एकशे पंधरा पटींनी उतरवला. तेवढ्याच पटीत पीळ वाढतो. चाकाची त्रिज्या ६५ सेंटिमीटर धरली आणि वाटेतले घर्षण वजा केले, तरी चाकाच्या कडेला अडीच टनांवर ओढ तयार होते. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन पावणेदोन-दोन टन. म्हणजे गिअर लावून हे यंत्र स्वतःच्या वजनाहून जास्त जोर जमिनीवर लावायला निघते.

कारचे गणित याच रीतीने करू. स्विफ्टच्या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ ११३ न्यूटन-मीटर, म्हणजे साडेअकरा किलो-मीटर. ट्रॅक्टरच्या दोन तृतीयांश. पहिल्या गिअरात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून वेग साधारण पंधरा पटींनी उतरतो. तीस सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर त्यातून पावणेसहाशे किलोच्या आसपास ओढ येते. ट्रॅक्टरच्या अडीच टनांपुढे ही तुटपुंजी दिसते, पण खरी अडचण वेगळीच आहे. हा पीळ मिळतो ४४०० फेऱ्यांवर, आणि नव्वद हॉर्सपॉवर मिळतात ६००० फेऱ्यांवर. पहिल्या गिअरात इंजिन ६००० फेऱ्यांवर असेल तेव्हा कार ताशी पंचेचाळीस किलोमीटरने धावत असते. उलट नांगराच्या चालीने, ताशी चार किलोमीटरने, क्लच पूर्ण सोडून जायचे म्हटले, तर इंजिनाला मिनिटाला पाचशे-साडेपाचशे फेऱ्यांवर यावे लागेल. म्हणजे उभ्या गाडीत ते जेवढे हळू फिरते त्याहूनही खाली. तिथे ते थरथरून बंद पडते. नव्वद हॉर्सपॉवर गाडीत आहेत यात शंका नाही. पण नांगरायच्या वेगाला त्यांतली एकही हाती येत नाही. क्लच अर्धा दाबून फेऱ्या वर ठेवल्या तर इंजिनाची ताकद नांगराकडे न जाता क्लचप्लेटच्या जळक्या वासात जाते.

पण चाकाच्या कडेला अडीच टन ओढ तयार झाली म्हणून नांगराला अडीच टन मिळत नाहीत. शेवटचा शब्द जमिनीचा असतो. टायर जमिनीला किती धरेल, हे त्याच्यावर पडणाऱ्या वजनावर आणि मातीच्या स्वभावावर अवलंबून असते. मागच्या चाकांवर बाराशे किलो वजन असेल आणि नांगरटीच्या जमिनीत पकड त्याच्या निम्मी किंवा थोडी अधिक मिळत असेल, तर सहाशे-सातशे किलोच्या पुढे चाक घसरू लागते. दोन फाळांच्या पल्टी नांगराला जड काळ्या जमिनीत सातशे-आठशे किलो ओढ सहज लागते. म्हणून शेतकरी मागच्या टायरांत पाणी भरतो, चाकांना लोखंडी वजने लावतो. नांगर जमिनीत रुतला की त्याचा भार हायड्रॉलिकमार्गे मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढवतो. आजच्या ट्रॅक्टरची ही फार हुशार गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल हॉर्सपॉवरएवढे कुणी बोलत नाही. भार जास्त झाला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते, ते याच ओढीमुळे. चालकाचे प्राण गेल्याच्या घटना त्यातून घडतात, म्हणून ओझे हुकाऐवजी वर कुठेतरी बांधून ओढणे धोक्याचे आहे. कारची पुढची दोन चाके ओढतात आणि त्यांच्यावर पाच-सहाशे किलो वजन असते. कोरड्या डांबरावर ते पुरते. मोकळ्या ढेकळांत त्या अरुंद, गुळगुळीत टायरांना दीडदोनशे किलोचाही आधार मिळणे अवघड.

डिफरन्शियलची गोष्टही इथलीच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही दातेरी रचना मध्ये बसवलेली असते. ती दोन्ही बाजूंना सारखाच पीळ वाटते. पावसाळ्यात पांदणीत एक चाक चिखलात गेले की त्या चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाही, आणि दुसऱ्या, कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच नगण्य पीळ मिळतो. एक चाक गरगर फिरते, दुसरे स्वस्थ उभे राहते आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहणाऱ्याला वाटते इंजिन कमी पडले. इंजिन कमी पडलेले नसते. ट्रॅक्टरवाला पायाने डिफरन्शियल लॉक दाबतो, दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि त्याच इंजिनावर तो बाहेर येतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हॉर्सपॉवरला काही अर्थ नसेल तर कार बनवणारे नव्वद हॉर्सपॉवर देतातच कशाला, आणि शेतकरी पंचेचाळीसऐवजी पंचावन्नचा ट्रॅक्टर का मागतो? अर्थ आहेच, तो वेळेचा आहे. ओढ गिअरने हवी तेवढी वाढवता येते, पण ती किती वेगाने द्यायची याची कमाल मर्यादा हॉर्सपॉवर ठरवते. रुंद रोटाव्हेटर चालवायचा असेल, पीटीओवर, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, चालणाऱ्या मळणीयंत्राला भरभर खाऊ घालायचे असेल, तर जास्त हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर तेच काम कमी तासांत करतो. कारच्या बाबतीत हा वेग वाऱ्याशी भिडतो. जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. ताशी ६० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जाणाऱ्या लहान कारला चाकांचे घर्षण आणि वारा मिळून पाच-सहा हॉर्सपॉवर पुरतात. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि तो दुप्पट वेगाने ढकलायचा असल्याने त्यासाठीची ताकद आठपट लागते. एकूण मागणी पंचवीस-सत्तावीस हॉर्सपॉवरवर जाते. बाकीची ताकद राखीव असते: ओव्हरटेक करायला, घाट चढायला, एसी लावून पाच माणसांसह वेग घ्यायला. म्हणजे कारचे नव्वद हॉर्सपॉवर खोटे नाहीत. ते वेगासाठी राखलेले आहेत आणि ट्रॅक्टरचे पंचेचाळीस ओढीसाठी.

दुसरा आक्षेप जास्त धूर्त आहे: मग ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स कारला बसवला तर? पीळ वाढेल हे खरे, पण एकशे पंधरा पटींनी वाढलेला तो पीळ कारच्या हाफ शाफ्टमधून, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या, हाताच्या मनगटाएवढ्याही जाड नसलेल्या दांड्यातून, जायचा आहे; तो पिळवटून तुटेल. तुटू नये म्हणून जाड शाफ्ट, जड घर, मोठी चाके बसवत गेलो, वजन वाढवत गेलो, की शेवटी हाती ट्रॅक्टरच येतो. शिवाय दिवसाचे दहा तास ६००० फेऱ्यांवर चालणे या इंजिनासाठी मोजलेले नाही. ट्रॅक्टरचे इंजिन तिप्पट हळू फिरते, म्हणून त्याच ताकदीला ते मोठे आणि जड लागते. पण पूर्ण भारावर तासन्‌तास टिकते. सीसी दुप्पट आणि हॉर्सपॉवर निम्मे, हे जे सुरुवातीला विचित्र वाटले, त्यामागे हा हिशोब आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: सपाट डांबरी रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढायला शे-दीडशे किलोच ओढ लागते आणि तेवढी कारही काढू शकेल. चढ लागला की पाच टनांच्या ट्रॉलीला वीस मीटरमागे एक मीटर चढावर आणखी अडीचशे किलो लागतात, आणि उतारावर ती थांबवायची कशी हा प्रश्न त्याहून मोठा असतो. ओढता येणारे सगळे थांबवता येत नाही, आणि ब्रेक नसलेली ट्रॉली वजनाबाहेर भरणाऱ्याने हॉर्सपॉवरच्या भरवशावर राहू नये.

तिसरी समजूत डिझेलबद्दलची. डिझेलमध्येच ताकद जास्त, म्हणून ट्रॅक्टर ओढतो, असे सर्रास मानले जाते. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त असते खरी, पण फरक साधारण दहा टक्क्यांचा. डिझेल इंजिन हवा जास्त दाबते म्हणून थेंबातून जास्त काम काढते आणि त्याचे मजबूत, लांब धावेचे पिस्टन कमी फेऱ्यांवर पीळ देतात, म्हणून ‘पिकअप’ खालूनच जाणवतो. गुण इंधनापेक्षा इंजिनाच्या घडणीचा आहे. याचा उत्तम दाखला पुण्यात तयार झाला. टाटा मोटर्सने २००५ मध्ये एस आणली, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने इंडिकाच्या चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनापासून दोन सिलिंडरांचे, सुमारे ७०० सीसीचे इंजिन काढले आणि त्याची ताकद होती अवघी १६ हॉर्सपॉवर. स्कूटीला सात-आठ हॉर्सपॉवर असतात, त्याच्या फक्त दुप्पट. तरी पाऊण टन माल घेऊन ती गाडी गावोगावी, मोंढ्यापासून वाडीपर्यंत पोचली, कारण तिच्याकडून वेग मागितलाच नव्हता. गिअर, टायर आणि वजन यांची सांगड कामाशी घातली की सोळा हॉर्सपॉवरही धंदा उभा करतात, हे एसने देशभर दाखवले.

विजेच्या गाडीमुळे हे सगळे मोडीत निघाले, असे कुणी म्हणेल. त्याच एसचे विजेवरचे रूप २०२२ मध्ये आले. तिला २७ किलोवॉटची, म्हणजे छत्तीस हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि पीळ १३० न्यूटन-मीटर. विजेच्या मोटरीला इंजिनाचा तो जन्मदोष नाही: थांबलेल्या अवस्थेतही ती पूर्ण पीळ देते. म्हणून क्लच गेला आणि चालकाला बदलायचे गिअरही गेले. पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये वेग उतरवणारा एक कायमचा गिअर तिथेही आहे, कारण मोटरही चाकापेक्षा खूप जोरात फिरते. डिफरन्शियलही आहे, टायरची पकडही आहे. ओढ गुणिले वेग हे नाते वीज असो की डिझेल, बदललेले नाही. उलट उभ्या जागेवर मिळणाऱ्या पिळामुळे इंजिनाच्या आकड्यामागे दडलेली गोष्ट अधिक उघडी पडली आहे.

ट्रॅक्टर घेणाऱ्यासाठी यातून निघणारे काम सोपे आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यासाठी लागणाऱ्या इंधन यंत्रणेने किंमत वाढली. तेव्हापासून पन्नासच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या आकड्यांत कायद्याचा भाग मोठा आहे, नांगराचा थोडा. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. ती ट्रॅक्टर तपासते तेव्हा इंजिनाच्या आकड्यावर थांबत नाही: पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, हुकावर जास्तीत जास्त किती ओढ निघाली, तेव्हा चाक किती घसरले, ताकदीच्या मानाने डिझेल किती लागले, हे सगळे मोजून अहवालात लिहिते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. हुकाची ओढ, मागच्या टायरचे माप, ट्रॅक्टरचे वजन आणि नांगरटीच्या चालीचे गिअर किती आहेत, हे चार आकडे ज्याने पाहिले, त्याला काळ्या रानात काय होणार हे हॉर्सपॉवर न विचारताही बऱ्यापैकी सांगता येईल.